समाजवादी आणि साम्यवादी : चार वर्षांचे एकत्र बिऱ्हाड

भारतातील डाव्या राजकारणाचा इतिहास सांगताना समाजवाद्यांसाठी एक प्रकरण आणि साम्यवाद्यांसाठी दुसरे प्रकरण, अशी वाटणी करण्याची प्रथा आहे. दोघांचे नेते वेगळे, झेंडे वेगळे, हुतात्मे वेगळे आणि परस्परांविषयीची कटुता तर प्रसिद्धच. मात्र जानेवारी १९३६ ते मार्च १९४० या काळात हे दोन्ही प्रवाह एकाच पक्षात, एकाच कार्यकारिणीत नांदत होते. बहुतेक पुस्तकांत ही चार वर्षे दोन-तीन वाक्यांत उरकलेली दिसतात. वस्तुतः पुढील काही दशकांत कोणत्या प्रांतात लाल बावटा रुजला आणि कोणत्या प्रांतात समाजवादी टिकले, याचा निकाल मोठ्या प्रमाणात याच चार वर्षांत लागला.

या कथेतील साम्यवादी हे वयाने वडील होत. १९२० मध्ये ताश्कंद येथे मानवेंद्रनाथ रॉय आदींनी स्थापन केलेला गट आणि डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरला भरलेली परिषद, यांपैकी पक्षाचा खरा जन्म कोणता, यावर दोन कम्युनिस्ट पक्षांत आजही मतभेद आहेत. मुंबईपुरते बोलायचे तर कॉ. श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ मध्ये ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही पुस्तिका लिहिली, तेव्हापासून या विचाराची येथे चर्चा सुरू झाली असे म्हणता येते. चळवळीला बळ आले ते मात्र १९२८ च्या गिरणी संपाने. सुमारे सहा महिने चाललेल्या या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि ‘लाल बावटा’ हा शब्द परळ-लालबागच्या चाळींतून घरोघरी गेला. सरकारने मार्च १९२९ मध्ये देशभरातून पुढारी पकडून मीरतचा खटला उभा केला. तो जवळजवळ चार वर्षे चालला. डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर ही आरोपींतील नावे पाहिली, तर मुंबईचा या चळवळीतील वाटा ध्यानात येतो.

नेते तुरुंगात असतानाच पक्षाने एक निर्णय घेतला, तो पुढे फार महागात पडला. कॉमिन्टर्नच्या, म्हणजे मॉस्कोस्थित आंतरराष्ट्रीय साम्यवादी संघटनेच्या १९२८ च्या सहाव्या अधिवेशनाने ‘वर्गाविरुद्ध वर्ग’ हे धोरण स्वीकारले होते. त्यानुसार काँग्रेस ही भांडवलदारांची संघटना ठरली आणि १९३० च्या सविनय कायदेभंगापासून साम्यवादी अलिप्त राहिले. मिठाचा सत्याग्रह गावोगाव पोहोचत असताना ज्यांनी त्याकडे पाठ फिरवली, त्यांच्याविषयी तुरुंगात गेलेल्या तरुण सत्याग्रहींना काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

हेच सत्याग्रही समाजवादी पक्षाचे जनक ठरले. १९३२-३३ मध्ये नाशिकच्या मध्यवर्ती तुरुंगात जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी, एम. एल. दांतवाला अशी मंडळी एकत्र आली. जयप्रकाश अमेरिकेत विस्कॉन्सिनला शिकत असतानाच मार्क्सवादी होऊन परतले होते. मसानी लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले. त्यांचा ओढा ब्रिटिश मजूर पक्षाच्या वळणाच्या समाजवादाकडे होता. गोरे आणि जोशी हे पुण्याच्या युवक चळवळीतून आलेले. कायदेभंगाची चळवळ ओसरली होती, काँग्रेसमधील ज्येष्ठ पुन्हा कायदेमंडळाच्या मार्गाकडे वळत होते. शेतकरी आणि कामगारांचे प्रश्न हाती घेतल्याखेरीज पुढचा लढा उभा राहणार नाही, आणि काँग्रेसबाहेर पडूनही तो उभा राहणार नाही, या दोन निष्कर्षांवर ही मंडळी आली. यातील दुसरा निष्कर्ष त्यांना साम्यवाद्यांपासून वेगळे करणारा होता.

१७ मे १९३४ रोजी पाटण्याला आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली समाजवाद्यांची परिषद झाली आणि त्याच वर्षी २१ व २२ ऑक्टोबरला मुंबईत वरळीच्या रेडिमनी टेरेसमध्ये संपूर्णानंद यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस समाजवादी पक्षाची रीतसर स्थापना झाली. सरचिटणीस जयप्रकाश. पक्षाचा सभासद काँग्रेसचाही सभासद असलाच पाहिजे, हा नियम. नेहरूंची सहानुभूती पक्षाला होती, पण ते त्यात कधीच आले नाहीत. गांधीजींशी मतभेद उघड होते. काँग्रेस कार्यकारिणीने तर जून १९३४ मध्येच मालमत्ता जप्तीच्या आणि वर्गयुद्धाच्या ‘सैल’ भाषेविरुद्ध ठराव करून समाजवाद्यांना चपराक दिली होती.

आचार्य नरेंद्र देव हे या पक्षाचे एक आगळे वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. काशी विद्यापीठातील हे अध्यापक पाली आणि संस्कृतचे पंडित, बौद्ध दर्शनाचे अभ्यासक आणि त्याच वेळी निष्ठावंत मार्क्सवादी. मार्क्सवाद आणि राष्ट्रीय चळवळ यांच्यात विसंगती नाही, परतंत्र देशात राष्ट्रीय लढा हाच समाजवादाचा पहिला टप्पा होय, ही भूमिका त्यांनी सातत्याने मांडली. पक्षात तीन विचार नांदत होते : नरेंद्र देव-जयप्रकाश यांचा मार्क्सवाद, मसानी-अशोक मेहतांचा लोकशाही समाजवाद आणि अच्युतराव व डॉ. राममनोहर लोहियांचा गांधीमार्गाशी नाते सांगणारा समाजवाद. साम्यवाद्यांना दार उघडावे की नाही, हा प्रश्न आला तेव्हा हे तीन विचार तीन दिशांना गेले.

साम्यवाद्यांनी या नव्या पक्षाचे स्वागत केले नव्हते. भांडवलदारांचीच ही डावी खेळी आहे, असे त्यांचे १९३४ मधील मत होते. त्याच वर्षी सरकारने कम्युनिस्ट पक्ष बेकायदा ठरवला. पुढच्याच वर्षी मात्र मॉस्कोचे वारे बदलले. हिटलरच्या उदयाने धास्तावलेल्या कॉमिन्टर्नने १९३५ च्या सातव्या अधिवेशनात फॅसिझमविरोधी संयुक्त आघाडीचा पुकारा केला. १९३६ च्या आरंभी ब्रिटिश पक्षाचे रजनी पाम दत्त आणि मीरत खटल्यात शिक्षा भोगलेले बेन ब्रॅडली यांनी भारतासाठी त्याचा अर्थ लावला : काँग्रेसमध्ये शिरा, समाजवाद्यांना साथ द्या, आतून डावी शक्ती वाढवा. बेकायदा ठरलेल्या पक्षाला उघड्यावर काम करण्यासाठी छप्पर हवेच होते.

जानेवारी १९३६ मध्ये मीरतच्या अधिवेशनात समाजवादी पक्षाने साम्यवाद्यांना व्यक्तिशः सभासद करून घेण्याचा निर्णय घेतला. तो प्रामुख्याने जयप्रकाशांच्या आग्रहाचा होता. दोघांचेही गुरू मार्क्स, दोघांचेही ध्येय समाजवाद. मग दोन पक्ष कशाला, असा त्यांचा साधा प्रश्न होता. मसानींचा विरोध पहिल्यापासून होता. आज मागे वळून पाहताना मसानींचे अंदाज अचूक ठरले असे दिसते; तथापि जयप्रकाशांना भोळे ठरवून मोकळे होणे न्यायाचे नाही. कारण या ऐक्याने जे उभे केले, ते पुढे दोघांनाही स्वतंत्रपणे उभे करता आले नाही.

१९३६ या एकाच वर्षाचा हिशेब पाहावा. एप्रिलमध्ये लखनौला काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथेच स्वामी सहजानंद सरस्वतींच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय किसान सभा स्थापन झाली आणि मुन्शी प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखक संघाची पहिली परिषद झाली. ऑगस्टमध्ये, पुन्हा लखनौलाच, विद्यार्थी फेडरेशन जन्माला आले. आदल्याच वर्षी लाल कामगार संघटना आयटकमध्ये परतल्या होत्या. नेहरूंनी काँग्रेस कार्यकारिणीत जयप्रकाश, नरेंद्र देव आणि अच्युतराव या तिघांना घेतले. डिसेंबरमध्ये खानदेशात फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. मनमाडहून शेतकऱ्यांचा एक जथा पायी चालत तेथे गेला आणि काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रम स्वीकारला. सारा आणि खंडात कपात, कर्जाचा बोजा हलका करणे, वेठबिगार बंद करणे, या मागण्या काँग्रेसच्या व्यासपीठावरून मान्य होणे ही लहान गोष्ट नव्हती.

या एकत्र कामाचा सर्वांत खोल परिणाम दक्षिणेत झाला. मलबारमध्ये समाजवादी पक्षाची शाखा ही पी. कृष्ण पिळ्ळै, ई. एम. एस. नंबुद्रीपाद, ए. के. गोपालन या कार्यकर्त्यांनी उभी केली होती. १९३१ चा गुरुवायूर मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह, मग काँग्रेस, मग समाजवाद, असा त्यांतील अनेकांचा प्रवास. १९३६ मध्ये गोपालन यांनी मलबारहून मद्रासपर्यंत भुकेमोर्चा नेला. जन्मी म्हणजे जमीनदार, त्यांची कुळे, विडी आणि कौलांच्या कारखान्यांतील मजूर, शाळामास्तर यांच्या संघटना पाच वर्षांत उभ्या राहिल्या, आणि या सर्वांवर पाटी काँग्रेस समाजवादी पक्षाची होती. आतून मात्र १९३७ पासून कम्युनिस्टांचा छोटा गट काम करीत होता. नंबुद्रीपाद तर समाजवादी पक्षाचे अखिल भारतीय संयुक्त चिटणीसही झाले. आंध्रात पी. सुंदरय्या आणि तमिळ भागात पी. जीवानंदम, पी. राममूर्ती यांनी हेच केले. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्यांत एस. व्ही. घाटे हे मुंबईत घडलेले, कम्युनिस्ट पक्षाचे पहिले सरचिटणीस होते.

विश्वासाला तडा जायला फार काळ लागला नाही. १९३७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे एक गुप्त परिपत्रक समाजवादी नेत्यांच्या हाती पडले. समाजवादी पक्ष हा खरा समाजवादी पक्ष नसून ते निव्वळ व्यासपीठ आहे, अशा आशयाचे ते होते. नव्या साम्यवाद्यांना प्रवेश बंद झाला, पण आत आलेले आतच राहिले. एप्रिल १९३८ मध्ये लाहोरच्या अधिवेशनात कार्यकारिणीसाठी साम्यवाद्यांनी आपली वेगळी यादी मांडली, ती थोडक्यात हुकली. मसानींनी त्याच वर्षी हा कट असल्याचे जाहीर पुस्तिका काढून सांगितले. पुढील वर्षी मसानी, अच्युतराव, लोहिया आणि अशोक मेहता यांनी कार्यकारिणीचे राजीनामे दिले. जयप्रकाश आणि नरेंद्र देव तरीही ऐक्य सोडायला तयार नव्हते.

त्रिपुरीने आणखी एक गाठ तोडली. जानेवारी १९३९ मध्ये सुभाषबाबू गांधीजींच्या उमेदवाराचा पराभव करून काँग्रेसचे अध्यक्ष झाले. समाजवादी आणि साम्यवादी दोघांनीही त्यांना मते दिली होती. मार्चमध्ये त्रिपुरीच्या अधिवेशनात अध्यक्षांनी गांधीजींच्या इच्छेनुसार कार्यकारिणी नेमावी, असा पंतांचा ठराव आला तेव्हा समाजवादी पक्ष तटस्थ राहिला. काँग्रेस फुटू नये हा हेतू होता. परंतु सुभाषबाबूंच्या दृष्टीने तो ऐन वेळी दिलेला दगा होता. डाव्यांचे ऐक्य हे शब्द त्यानंतर भाषणांपुरते उरले.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले. साम्राज्यशाहीचे हे युद्ध आहे, त्याला विरोध केला पाहिजे, यावर आरंभी दोघांचे एकमत होते. २ ऑक्टोबर रोजी मुंबईतील सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. पण साम्यवाद्यांच्या पत्रकांत आता गांधीजींबरोबर समाजवादीही लढा टाळणारे ठरू लागले. मार्च १९४० मध्ये रामगढ काँग्रेसच्या वेळी समाजवादी कार्यकारिणीने साम्यवाद्यांची हकालपट्टी केली.

हकालपट्टी म्हणावी, पण घरातून नेमके कोण बाहेर पडले हा प्रश्नच होता. केरळात १९३९ च्या अखेरीस पिनरायी या गावी जमलेल्या कार्यकर्त्यांनी पक्षाची संपूर्ण शाखाच कम्युनिस्ट पक्षात नेली होती. आंध्र आणि तमिळ भागांतही तेच घडले. समाजवाद्यांच्या हाती दक्षिणेत नावापुरता पक्ष राहिला. बिहार, संयुक्त प्रांत आणि मुंबई-पुणे येथील शाखा मात्र शाबूत राहिल्या. विद्यार्थी फेडरेशन डिसेंबर १९४० मध्ये नागपूरच्या अधिवेशनात दुभंगले.

महाराष्ट्रात ही वाटणी प्रांतांनुसार न होता वस्त्यांनुसार झाली. गिरणगाव लाल बावट्याकडे. पुणे, कोकण आणि लहान शहरांतील शिक्षक, विद्यार्थी, पांढरपेशा तरुण समाजवाद्यांकडे. १९४१ मध्ये एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, तिचाही आधार हाच वर्ग होता. ग्रामीण बहुजन समाज या दोघांच्याही पकडीत पुरता आला नाही. तो पुढे केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्या शेतकरी कामगार पक्षाकडे काही काळ वळला. दलित कामगारांचे नेतृत्व डॉ. आंबेडकरांकडे होते. ७ नोव्हेंबर १९३८ चा औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा संप त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि साम्यवाद्यांनी मिळून केला. परंतु गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव का, या त्यांच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर लाल बावट्याने दिले नाही. जात हा वर्गाच्या हिशेबात आपोआप सुटणारा प्रश्न आहे, अशी समजूत दोन्ही प्रवाहांत होती. लोहियांनी ती सोडली, पण त्याला १९५० चे दशक उजाडावे लागले.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर आक्रमण केले आणि काही महिन्यांत साम्यवाद्यांचे साम्राज्यशाही युद्ध हे लोकयुद्ध झाले. जुलै १९४२ मध्ये पक्षावरील बंदी उठली. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’च्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्यांत तेरा साम्यवादी सभासद होते. विरोध नोंदवण्याचे धैर्य दाखवल्याबद्दल गांधीजींनी त्यांचे अभिनंदन केले. जनतेने मात्र केले नाही. इकडे समाजवाद्यांचे हे सुवर्णयुग होते. अच्युतराव आणि अरुणा असफ अली भूमिगत, उषा मेहतांचे काँग्रेस रेडिओ, दिवाळीच्या रात्री हजारीबागचा तुरुंग फोडून निसटलेले जयप्रकाश, सातारचे प्रतिसरकार. बेचाळीसच्या आठवणींनी समाजवाद्यांच्या मनात साम्यवाद्यांविषयी जो कडवटपणा भरला, तो एका पिढीत उतरला नाही. तरीही इतिहास सरळ रेषेत चालत नाही, याचा दाखला साताऱ्यातच मिळतो. प्रतिसरकारचे नायक क्रांतिसिंह नाना पाटील स्वातंत्र्यानंतर शेतकरी कामगार पक्षातून कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९५७ मध्ये साताऱ्याहून त्या पक्षाचे खासदार झाले.

समाजवादी पक्ष मार्च १९४८ मध्ये नाशिकच्या अधिवेशनात काँग्रेसबाहेर पडला. ज्या गावच्या तुरुंगात काँग्रेसमध्ये राहण्याचे ठरले, त्याच गावी. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याने लोकसभेच्या २५४ जागा लढवल्या. सुमारे १०.६ टक्के मते मिळाली आणि जागा १२. कम्युनिस्टांनी अवघ्या ४९ जागा लढवून सुमारे ३.३ टक्के मतांवर १६ जिंकल्या. समाजवाद्यांची मते देशभर विखुरलेली, साम्यवाद्यांची मद्रास, हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन, पश्चिम बंगाल अशा मोजक्या मुलखांत एकवटलेली. सर्वांत मोठ्या विरोधी गटाचे नेतृत्व ए. के. गोपालन यांच्याकडे आले. समाजवादी पक्षाच्या पाटीखाली मलबारात घडलेला हा कार्यकर्ता समाजवाद्यांच्याच वाट्याला आला असता, तर या आकड्यांचे चित्र थोडे निराळे दिसले असते.

केरळ आणि महाराष्ट्र यांची पुढील काही वर्षे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. ५ एप्रिल १९५७ रोजी नंबुद्रीपाद केरळचे मुख्यमंत्री झाले. त्यांचे सरकार पाडण्याच्या आंदोलनात प्रजासमाजवादी सामील झाले. ३१ जुलै १९५९ रोजी ते बरखास्त झाले आणि फेब्रुवारी १९६० मध्ये प्रजासमाजवादी पक्षाचे पट्टम थाणू पिळ्ळै काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्रिपदी बसले. नेमक्या याच काळात महाराष्ट्रात ६ फेब्रुवारी १९५६ रोजी स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत एस. एम. जोशी सरचिटणीस होते आणि डांगे त्यांच्या शेजारी व्यासपीठावर बसत होते. आचार्य अत्रे दोघांनाही सांभाळून घेत, प्रसंगी दोघांनाही टोचत. १९५७ च्या निवडणुकीत समितीने मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले, नाथ पै राजापूरहून. मीरत खटल्यातील आरोपी मिरजकर १९५८ मध्ये मुंबईचे महापौर झाले. एकाच पक्षाचे लोक एका राज्यात परस्परांचे सरकार पाडीत होते आणि दुसऱ्या राज्यात एकत्र सभा घेत होते. फरक एवढाच, की येथे दोघांच्याही हाती सत्ता नव्हती आणि मागणी लोकांनीच ठरवून दिलेली होती. १ मे १९६० च्या सुमारास ती पूर्ण झाली आणि प्रजासमाजवादी समितीतून बाहेर पडले. तिबेट आणि चीनच्या प्रश्नावरून संबंध आधीच ताणले गेले होते.

त्यानंतर दोन्ही घरे आतूनच फुटली. लोहिया १९५५ मध्येच वेगळे झाले होते. कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये दुभंगला. नक्षलबारीनंतर १९६९ मध्ये तिसरा पक्ष निघाला. आणीबाणीत डांग्यांचा पक्ष इंदिरा गांधींच्या बाजूने, मार्क्सवादी पक्ष आणि समाजवादी विरोधात.

मुंबईत मात्र १९७२ नंतरच्या महागाईत जुन्या समितीची आठवण व्हावी असे काही घडले. समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर आणि कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी यांनी महागाईविरोधी महिला समितीत एकत्र येऊन लाटणे मोर्चे काढले. रेशनवरील धान्य, तेल, रॉकेल हे विषय; यांवर मॉस्कोचे वा पेकिंगचे मत विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. १९७७ मध्ये मृणालताई उत्तर मुंबईतून जनता पक्षातर्फे आणि अहिल्याताई उत्तर मध्य मुंबईतून मार्क्सवादी पक्षातर्फे लोकसभेवर निवडून गेल्या. १९८० मध्ये उत्तर मध्य मुंबईची ती जागा समाजवादी प्रमिला दंडवते यांनी जनता पक्षातर्फे जिंकली.